टोकन देण्याआधी वसाहत तपासा : सांगली-मिरज-कुपवाडमध्ये घर घेताना सुरक्षिततेची पाहणी कशी करायची

घर पसंत पडतं, टोकन दिलं जातं आणि मग कुणाला तरी आठवतं, 'अहो, पण एरिया कसा आहे?' एजंटला विचारलं तर तो म्हणतो, 'एकदम शांत.' मेहुण्याला विचारलं तर तो म्हणतो, 'तिकडं मागं काहीतरी झालं होतं बघ.' एवढ्या दोन वाक्यांवर लोक २५-३० लाखांचा व्यवहार करतात किंवा मोडतात. शांत गल्लीत भरदुपारी घरं फुटतात. एखाद्या जुन्या भांडणाने नाव खराब झालेल्या गल्लीत वर्षानुवर्षं कुणाची सायकलही जात नाही.

विश्रामबाग सुरक्षित की मिरज सुरक्षित, गावभाग चांगला की शामरावनगर, या प्रश्नाला उत्तर नाही. गुन्हा घडतो तो एका गल्लीत, एका ठरावीक वेळेला, एका विशिष्ट प्रकारच्या घरात. तपासायची ती तुमची गल्ली, आणि तुमचं घर रिकामं किंवा एकटं असतं ती वेळ. खालचे टप्पे याच क्रमाने करा. क्रम उलटा झाला की पुढच्या टप्प्यात काय शोधायचं तेच कळत नाही.

## तयारी : आधी स्वतःच्या घराचा हिशोब

टोकन किंवा डिपॉझिट देण्याआधी किमान दोन आठवडे हातात ठेवा. 'उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय' असं एजंट म्हणेलच. तेवढ्यासाठी घाई करू नका. भाड्याचं घर असेल तर एक आठवडा पुरतो, पण पाहणीच्या फेऱ्या कमी करू नका.

वहीच्या एका पानावर घरातल्या प्रत्येकाची दिनचर्या लिहा. नवरा-बायको दोघंही नोकरीला असतील तर घर सकाळी १० ते संध्याकाळी ६ बंद. आई-वडील घरी असतील तर दुपारी दोन म्हातारी माणसं एकटी. मुलगी क्लासवरून रात्री ९ ला येत असेल तर मुख्य रस्त्यावरून घरापर्यंतचं अंतर महत्त्वाचं. दोन दुचाक्या आहेत आणि पार्किंग गल्लीतच, तर वाहनचोरीकडे आधी बघायला हवं.

त्यावरून तुमच्या कुटुंबाला लागू पडणारे दोन-तीन प्रकारच निवडा : दिवसाची घरफोडी, रात्रीची घरफोडी, दुचाकी चोरी, चेन स्नॅचिंग, छेडछाड, किंवा गल्लीतली दारू पिऊन होणारी भांडणं. पुढची सगळी चौकशी या दोन-तीन प्रकारांपुरतीच ठेवायची. जिल्ह्यात किती खून झाले हा आकडा तुमच्या निर्णयाच्या फारसा कामाचा नाही. खून बहुतेक वेळा ओळखीतून, वैरातून, पैशातून, घरगुती वादातून होतात. घरफोडी मात्र तुमची ओळख विचारत नाही.

तपासा : पानावर तीनपेक्षा जास्त प्रकार झालेत? मग तुम्ही अजून निवड केलेली नाही, यादी केली आहे.

## टप्पा १ : पोलीस ठाणं आणि बीट शोधा

महापालिका एक असली तरी पोलीस ठाणी अनेक आहेत. सांगली शहर, विश्रामबाग, संजयनगर, सांगली ग्रामीण, मिरज शहर, मिरजेतलंच महात्मा गांधी चौक, मिरज ग्रामीण, कुपवाड एमआयडीसी. हद्दी महापालिकेच्या प्रभागांप्रमाणे जात नाहीत. रस्त्याची एक बाजू एका ठाण्यात आणि समोरची दुसऱ्या ठाण्यात, असं होतं. पत्त्यावर 'विश्रामबाग' छापलेलं असतं म्हणून ठाणंही तेच, असं धरून चालू नका.

हद्द विचारायची सोपी जागा म्हणजे जवळचं पोलीस ठाणं. आत गेल्यावर समोर बसलेल्या ठाणे अंमलदारांना गल्लीचं नाव आणि जवळची खूण सांगा (शाळा, मंदिर, पाण्याची टाकी). हद्द त्यांची नसेल तर कुणाची ते सांगतील. असेल तर लगेच दोन गोष्टी विचारून घ्या : बीट कोणतं आणि बीट अंमलदार कोण. प्रत्येक ठाण्याची हद्द बीटमध्ये वाटलेली असते. पुढच्या टप्प्यात आकडे बीटप्रमाणे लावायचे असल्याने ही माहिती आधी हवी.

शहराबाहेरच्या प्लॉटिंगमध्ये घर असेल तर आणखी एक गोष्ट बघा : घरफाळा कुणाकडे भरला जातो, महापालिकेकडे की ग्रामपंचायतीकडे? पथदिवा बंद पडला, कोपऱ्यात झाडी वाढली, तर तक्रार तिथेच करावी लागणार. गुंठेवारीतल्या काही गल्ल्यांत रस्ता आणि दिवे यांचंच घोंगडं अनेक वर्षं भिजत पडलेलं असतं. रात्री अंधार का, याचं उत्तर बऱ्याचदा पावतीवर मिळतं.

## टप्पा २ : आकडे गोळा करा आणि नीट वाचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात.

जिल्ह्याचा आकडा बाजूला ठेवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षीच्या अहवालात जिल्हावार तक्ते देतो. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८ लाखांच्या वर आणि महापालिका क्षेत्राची सुमारे ५ लाख होती. जत, आटपाडीपासून शिराळ्यापर्यंतचे गुन्हे एकत्र केलेल्या आकड्यातून शंभर फुटी रोडच्या मागच्या गल्लीबद्दल काही कळत नाही. या अहवालात एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सर्वात गंभीर गुन्हा तेवढा मोजतात. म्हणजे घर फोडून मारहाणही केली असेल तर ती घटना घरफोडीच्या रकान्यात दिसेलच असं नाही.

प्रसिद्ध झालेले एफआयआर वाचा. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयानुसार एफआयआर २४ तासांच्या आत संकेतस्थळावर टाकावे लागतात. लैंगिक अत्याचार, पोक्सो (बालकांवरील लैंगिक गुन्हे), दहशतवाद यांसारखे संवेदनशील गुन्हे यातून वगळलेले आहेत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, पोलीस ठाणं आणि तारखा निवडून हे एफआयआर शोधता येतात. एकेक महिना घेत मागचं वर्षभर बघा.

प्रत्येक एफआयआर पूर्ण वाचायची गरज नाही. तीन जागा बघा. कलमं कोणती, घटना कोणत्या दिवशी किती ते किती वाजेदरम्यान घडली, आणि घटनास्थळ. घटनास्थळाच्या रकान्यात ठाण्यापासूनची दिशा, अंतर, बीट क्रमांक आणि पत्ता यांसाठी जागा असते. इथे टप्पा १ मध्ये घेतलेला बीट उपयोगी पडतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्यामुळे कलमांचे आकडे बदलले. साधी चोरी ३०३, हिसडा मारून पळवणं (चेन, मोबाइल) ३०४, राहत्या घरातली चोरी ३०५, घरफोडी ३३१, जबरी चोरी ३०९, दरोडा ३१०. त्याआधीच्या एफआयआरमध्ये जुनी कलमं दिसतील : ३७९, ३८०, ४५४, ४५७, ३९२. यात ४५४ म्हणजे ढोबळमानाने दिवसाची घरफोडी आणि ४५७ रात्रीची.

सावधान : एफआयआरमध्ये फिर्यादीचं नाव-गाव असतं. गल्ली आणि वेळ टिपून घ्या, नावं नकोत. त्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरवणं म्हणजे आधीच लुटल्या गेलेल्या माणसाची आणखी विटंबना आहे.

घरांच्या संख्येने भागा. समजा, एका बीटमध्ये वर्षात २० घरफोड्या आणि दुसऱ्यात ८. लोक लगेच दुसरं बीट निवडतात. पण पहिल्यात ८,००० घरं आणि दुसऱ्यात १,६०० घरं असतील तर पहिल्यात हजार घरांमागे अडीच आणि दुसऱ्यात पाच घरफोड्या होतात. नवीन, विरळ वसाहतींमध्ये एकूण आकडा छोटा दिसतो आणि माणूस इथेच फसतो. घरांचा नक्की आकडा मिळाला नाही तरी गल्ल्या मोजून अंदाज काढा. अगदी काटेकोर असण्याची गरज नाही.

एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका. एखादी टोळी एकाच महिन्यात चार घरं फोडते आणि पकडली जाते. त्या वर्षी आकडा फुगतो आणि पुढच्या वर्षी पडतो. शक्य असेल तर तीन वर्षं बघा.

जे नोंदवलंच जात नाही तेही धरा. ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची साधी चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र आहे, म्हणजे तिची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) होते, एफआयआर नाही. गेलेल्या मोबाइलची तक्रार बऱ्याचदा 'गहाळ' म्हणून लिहिली जाते. दाराबाहेरच्या चपला, दुचाकीतलं पेट्रोल, जुनी सायकल यांसाठी तर कुणी ठाण्याची पायरीच चढत नाही. त्यामुळे एफआयआर शून्य याचा अर्थ चोऱ्या शून्य असा होत नाही. ही उणीव टप्पा ४ मध्ये भरून निघते.

वाढलेला आकडा नेहमीच वाईट नसतो. पोलीस भाषेत चोरी, मारामारी वगैरे 'भाग १ ते ५' मध्ये आणि दारूबंदी, जुगार यांसारख्या विशेष कायद्यांचे गुन्हे 'भाग ६' मध्ये येतात. भाग ६ चे गुन्हे पोलिसांनी छापे टाकले की वाढतात. एखाद्या भागात जुगाराच्या केसेस अचानक वाढलेल्या दिसल्या तर तिथे नवीन अधिकारी येऊन कामाला लागलेला असू शकतो.

### माहिती अधिकाराचा अर्ज, वेळ असेल तरच

घर विकत घेणार असाल आणि महिनाभर थांबता येत असेल तर हा अर्ज करा. अर्ज संबंधित ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. उत्तराची मुदत ३० दिवस.

'आमच्या भागात गुन्हेगारी का वाढली?' असं विचारलं की अर्ज वाया गेला. माहिती अधिकारात नोंदी मिळतात, मत मिळत नाही. असं लिहा : 'मागील तीन वर्षांत अमुक बीटमध्ये दाखल झालेले दिवसा घरफोडी, रात्री घरफोडी, वाहन चोरी व जबरी चोरीचे गुन्हे, महिनावार संख्या, आणि त्यांपैकी उघडकीस आलेले गुन्हे.' शेवटचा भाग विसरू नका. गुन्हे किती घडले याइतकंच किती उघडकीस आले, म्हणजे किती गुन्ह्यांचा छडा लागला, हे कळायला हवं.

## टप्पा ३ : तीन वेळा गल्लीत उभे राहा

घर दाखवायला एजंट नेतो तो रविवारी सकाळी ११ ला. त्या वेळी सांगलीतली कुठलीही गल्ली छानच दिसते : दारात रांगोळी, कट्ट्यावर पेपर वाचणारे आजोबा, पोरांचं क्रिकेट. ती फेरी हिशोबात धरू नका. एजंटला न सांगता तीन फेऱ्या करा.

दुपारी १ ते ४, कामाच्या दिवशी. दिवसाची घरफोडी करणारा याच वेळी रेकी करतो. गल्लीच्या तोंडाशी पंधरा मिनिटं उभे राहा. किती दारांना बाहेरून कुलूप आहे ते मोजा. तुम्ही अनोळखी माणूस इतका वेळ उभा आहात, कुणी विचारलं का, 'कोण पाहिजे?' असं विचारणारी एक तरी खिडकी गल्लीत असेल तर ती दोन कॅमेऱ्यांच्या बरोबरीची आहे. कुणीच हटकलं नाही तर वहीत तसं लिहा.

संध्याकाळी ७ ते ९. मुलगी जिथे बसमधून किंवा रिक्षातून उतरणार तिथून घरापर्यंत चालत जा. गाडीवरून नको, चालतच. दिव्यांचे खांब मोजा आणि त्यांतले किती चालू आहेत तेही मोजा. बंद खांबाचा क्रमांक टिपा, तो तक्रारीत लागतो. खांब चालू असूनही झाडाच्या फांद्यांत दिवा गुरफटलेला असतो आणि खाली काळोखच राहतो, ते बघा.

विश्रामबागेच्या मागच्या बाजूला, वारणालीकडे, कुपवाड रस्त्याला जी नवी प्लॉटिंग झाली आहेत तिथे दोन बंगले आणि मध्ये एक रिकामा प्लॉट, अशी रचना सर्रास दिसते. त्या रिकाम्या प्लॉटकडे नीट बघा. कमरेएवढं गाजरगवत, कोपऱ्यात बाटल्या आणि पत्रावळ्या, आणि गवतातून पलीकडच्या गल्लीत निघणारी पायवाट. बाटल्या जुन्या, धुळीने माखलेल्या असतील तर फार चिंता नको. लेबलं ताजी असतील तर तिथे रोज बैठक बसते. आणि ती पायवाट शेजारच्या बंगल्याच्या मागच्या भिंतीला चिकटून जात असेल तर पळून जायला आयता रस्ता आहे.

रात्री ११ नंतर. एकट्याने जाऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या. गल्ली झोपलेली असणं साहजिक आहे. पाहायचं ते हे : टोळकं कुठे बसतं, ते गल्लीतलंच आहे की बाहेरून गाड्या घेऊन येतं, आणि पोलिसांची गस्त दिसते का.

रात्रीची वर्दळ मात्र भागाप्रमाणे समजून घ्या. कुपवाडला शिफ्ट सुटते तेव्हा रात्रीही माणसं रस्त्यावर असतात, ते सुरक्षिततेला चांगलंच. मिरजेत स्टेशनजवळ आणि दवाखान्यांच्या भोवती बाहेरगावची माणसं चोवीस तास दिसतात. तिथे अनोळखी चेहरा ओळखू येत नाही, म्हणून दुचाकी आत लावायची सोय असलेलंच घर बघा. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजच्या परिसरात मुलं उशिरापर्यंत कट्ट्यावर असतात. त्यांना बघून घाबरायचं कारण नाही. गोंगाटाचा त्रास आणि असुरक्षितता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सावधान : 'तिथं अमक्या लोकांची वस्ती आहे' हे वाक्य वहीत लिहू नका. कोण राहतं यावरून गल्ली सुरक्षित की नाही हे ठरत नाही, आणि असल्या समजावर घर नाकारणं हा तिथल्या सरळमार्गी कुटुंबांवर अन्याय आहे. दिवा, कुलूप, पायवाट, वेळ, एवढंच लिहा.

## टप्पा ४ : योग्य माणसांना नेमकं विचारा

'एरिया कसा आहे?' हा प्रश्न टाकून द्या. त्याला 'चांगलाय की' याशिवाय उत्तर येत नाही. आपल्याच गल्लीची बदनामी कोण करेल? ठरावीक घटना आणि ठरावीक काळ विचारा.

विचारायची माणसं : पहाटे येणारा दूधवाला आणि पेपर टाकणारी पोरं, इस्त्रीवाला, पिठाची गिरणी, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार, शेजारच्या अपार्टमेंटचा वॉचमन. आणि गल्लीत तुमच्यासारखंच भाड्याने राहणारं एखादं कुटुंब, कारण त्यांना जागेची किंमत टिकवायची नसते.

गिरणीत साधारण असं बोलणं होतं :

'मावशी, आम्ही इकडं घर बघतोय. दिवाळीत गावाला गेल्यावर कुणाचं घर फुटलं होतं का हो इथं?'

'दिवाळीत न्हाई बाई. मे महिन्यात त्या पिवळ्या बंगल्यात. लग्नाला गेलती सगळी. मागनं कोयंडा उचकटला.'

'मग पोलीस आलेले?'

'आलते की. कुत्रं पण आणलं होतं. पर त्यांनी घरफाळ्याची पावती, दागिन्याची पावती काय काय मागितली, ती कुठं ठेवली सापडंना.'

या चार वाक्यांत महिना, पद्धत, बाजू आणि पुढे काय अडलं, सगळं आलं. 'कसा आहे' विचारून यातलं काहीही मिळालं नसतं.

आणखी काही प्रश्न असेच नेमके ठेवा. 'गल्लीत रात्री गाड्या बाहेर लावता की आत?' 'शेवटची गाडी कधी गेली?' 'गेल्या वेळी ११२ ला (पोलीस मदतीचा क्रमांक) फोन केला तेव्हा पोलिसांची गाडी किती वेळात आली?' बायकांनी बायकांना विचारायचा प्रश्न वेगळा आणि तो बायकांनीच विचारावा : 'रात्री साडेनऊला एकटी येताना कुठल्या बाजूने येता?' उत्तरात लांबचा रस्ता आला तर जवळचा का टाळतात, ते विचारा. छेडछाडीच्या बऱ्याच घटना कुठल्याच आकड्यात येत नाहीत. त्या इथेच कळतात.

कर्नाळ रोड, दत्तनगर, सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट अशा पूरपट्ट्यात घर बघत असाल तर आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गल्ली रिकामी झाली होती, तेव्हा घरांवर लक्ष कुणी ठेवलं? आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की इथली माणसं सामान हलवतात. बंद घरांची आख्खी गल्ली दिवसेंदिवस तशीच राहते. ज्या गल्लीतल्या पोरांनी आळीपाळीने जागून पहारा केला, त्या गल्लीत माझ्या मते डोळे झाकून घर घ्यावं. निदान सुरक्षिततेच्या बाबतीत.

तपासा : एकच घटना दोन वेगळ्या माणसांकडून सारखीच ऐकली का? एकानेच सांगितली असेल तर पेन्सिलने लिहा.

## टप्पा ५ : बीट अंमलदारांना भेटा

इथवर आल्यावरच भेटा. आधी गेलात तर तुम्हीही 'एरिया कसा आहे साहेब?' एवढंच विचाराल. आता हातात गल्ली, वेळ आणि घटना आहेत.

सण, मिरवणूक, बंदोबस्ताचे दिवस सोडून जा. गणेशोत्सवात गेलात तर कुणालाच वेळ नसणार. 'साहेब, अमुक गल्लीत घर घेतोय, तिथे मे महिन्यात घरफोडी झाल्याचं कळलं. ती उघडकीस आली का? अशा किती झाल्या?' असं विचारलं की बहुतेक अंमलदार मोकळेपणाने बोलतात. रात्रीची गस्त कोणत्या रस्त्याने जाते, बंद घराची माहिती कुणाकडे द्यायची, हेही विचारा. बीट अंमलदारांचा मोबाइल क्रमांक घ्या.

आरोपींची नावं, चालू तपासाचे तपशील विचारू नका. ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये.

## टप्पा ६ : शेवटी घर

लोक याने सुरुवात करतात, म्हणून हे मुद्दाम इथे ठेवलं. मुख्य दाराला बाहेरून कडी-कोयंडा आणि लोंबतं कुलूप असेल तर घर बंद असल्याची पाटीच लागलेली असते. आतून बसणारं लॉक बसवता येईल का ते बघा. चौकट किती भक्कम आहे तेही बघा, कारण महागडं लॉक पोचट चौकटीत बसवलं तर पहार लागल्यावर चौकटच निघते. खिडकीच्या ग्रिलचे स्क्रू बाहेरच्या बाजूने असतील तर ते पान्याने काढता येतात. वेल्डिंग करून घ्यावं लागेल. मागचं दार, गच्चीचं दार, गॅलरीजवळून जाणारे पाण्याचे पाइप बघा. समोरचं दार मजबूत करून मागचं पत्र्याचं तसंच ठेवलेली घरं फार दिसतात.

अपार्टमेंटमध्ये 'सीसीटीव्ही आहे' एवढ्यावर समाधान मानू नका. सेक्रेटरींना सांगा, 'काल रात्री दोनचं फुटेज दाखवा.' यातून सगळं कळतं : डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) चालू आहे का, पासवर्ड कुणाकडे आहे, किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, अंधारात गाडीचा नंबर दिसतो का. स्क्रीनवरचं घड्याळ तुमच्या मोबाइलशी ताडून बघा. घड्याळ पाऊण तास मागे असेल तर पुढे तपासात वेळ जुळत नाही. न्यायालयात असं फुटेज द्यायचं तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे यंत्रणा कुणाच्या ताब्यात आहे हे स्पष्ट असलेलं बरं.

वॉचमनला त्याचं काम विचारा, पगार नको. गेटवर वही आहे का, रात्री तो एकटा किती इमारती बघतो, दुपारी कोण असतं.

## टप्पा ७ : निर्णय आणि करार

वहीतल्या नोंदी दोन रांगांत लावा. दुरुस्त होणाऱ्या गोष्टी : बंद दिवा, ग्रिल, लॉक, कॅमेरा, कुलूप न लागणारं गेट. तुमच्या हातात नसलेल्या गोष्टी : निर्जन रस्ता, शेजारची कायम बंद घरं, रोजची दारूची बैठक, ठाण्यापासूनचं अंतर. पहिल्या रांगेतल्या गोष्टींसाठी घर सोडू नका, त्यांचा खर्च काढा आणि किमतीत किंवा भाड्यात बोला. दुसऱ्या रांगेतली एखादी गोष्ट तुमच्या तयारीच्या पानावरच्या वेळेशी जुळत असेल तर मात्र घर कितीही हवेशीर असो, सोडा. दिवसभर घर बंद राहणार आणि गल्लीतली निम्मी घरंही दिवसा बंद, हा मेळ वाईट. तीच गल्ली घरी आजी-आजोबा असलेल्या कुटुंबाला चालून जाते.

मालकाने 'ग्रिल करून देतो, लॉक बदलतो' म्हटलं तर ते करारात लिहून घ्या. भाडेकरार नोंदवायची जबाबदारी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने मालकावर टाकली आहे. ११ महिन्यांचा असला तरीही.

## टप्पा ८ : राहायला गेल्यावरचा पहिला महिना

भाडेकरूची माहिती पोलिसांना देण्याची सोय महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर आहे. मालकाने दिली का ते विचारून प्रत घ्या. जुन्या भाडेकरूकडे किल्ली राहिलेली असू शकते, म्हणून लॉक बदला.

दागिन्यांचे फोटो काढा, पावत्यांचेही फोटो काढा आणि ते घराबाहेरच्या कुणाकडे तरी ठेवा. दुचाकीचा इंजिन आणि चासी क्रमांक, मोबाइलचे आयएमईआय क्रमांक एका कागदावर लिहा. मोबाइल गेला तर सीईआयआर पोर्टलवर तो बंद करता येतो, पण त्यासाठी तो क्रमांक लागतो. ऑनलाइन फसवणूक झाली तर लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. बाकी कुठल्याही प्रसंगी ११२.

गावाला जाताना बीट अंमलदारांना तारखा कळवा आणि शेजाऱ्यांना पेपर-दुधाच्या पिशव्या उचलायला सांगा. जाण्याआधी स्टेटस टाकू नका. परतल्यावर टाका हवे तेवढे फोटो.

आणि एवढं करूनही घर फुटलंच तर आत जाऊन आवराआवर करू नका. कपाटाला, कुलपाला, सांडलेल्या सामानाला हात न लावता बाहेरूनच ११२ ला फोन करा. पंचनामा होईपर्यंत थांबा. ठाण्यात तक्रार देताना काय गेलं ते वजनासह सांगा. नंतर आठवेल ते पुरवणी जबाबात घालता येतं, म्हणून अंदाजे काहीही फुगवून लिहू नका. एफआयआरची प्रत फिर्यादीला मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. घटना दुसऱ्या हद्दीतली आहे म्हणून तक्रार नाकारता येत नाही. कोणत्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. ऑनलाइन तक्रार दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तरीही कुणी नोंद घेत नसेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात, पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवा आणि पोचपावती जपा. तिथेही काम झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. गुन्हा नोंद झाल्यावर ९० दिवसांच्या आत तपास कुठवर आला हे फिर्यादीला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि त्या दिवशी ठाण्यात जा.